गोठलेल्या तळ्यावरून नेलेली रोपं

तैसिया प्रोखोरोव्नाच्या घरात दोन खोल्या होत्या. एकीची खिडकी दक्षिणेला, दुसरीची उत्तरेला. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत दक्षिणेच्या खोलीत टोमॅटो राहायचे आणि उत्तरेच्या खोलीत ती स्वतः. कोणी पाहुणा आला तर त्याला ती स्वयंपाकघरातच बसवून घ्यायची. "तिकडे नको जाऊस, दार उघडलं की गार झोत आत शिरतो," हे ती अशा हलक्या आवाजात सांगायची की आत बाळंतीण निजली असावी असं वाटावं.

एरवी तिचा आवाज हलका नव्हता. एकतीस वर्षं ती आमच्या वेर्खनी लोग या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. लांबच्या गावांना फोन जोडून देताना ओरडून बोलायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. गावातल्या निम्म्या भानगडी तिने त्या तारांवरून ऐकलेल्या. त्यातली एकही तिच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. उंच, हाडापेराने मोठी बाई, केस कायम रुमालात. नवरा सावेली लाकडाच्या वखारीत क्रेन चालवायचा. तो १९८९ च्या जून महिन्यात गेला. मूलबाळ नव्हतं.

मी या गावात आले १९९३ साली, ताश्कंदहून, म्हाताऱ्या आईला घेऊन. शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली आणि तैसियाच्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, तिच्या दोन मजले वर, पाचव्या मजल्यावर घर मिळालं. ताश्कंदला आमच्या अंगणात टोमॅटो व्हायचे. एप्रिलात बी मातीत टाकलं की माणूस आपल्या कामाला मोकळा. इथे जूनच्या दहा तारखेपर्यंत रोपं करपवणारं दहिवर पडतं आणि ऑगस्ट सरता सरता पुन्हा पडू लागतं. मधल्या पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांत बी रुजून, वाढून, फळ धरून पिकायचं म्हणजे अशक्यच. म्हणून इथली माणसं बाहेर कमरेइतका बर्फ असताना घरात बी पेरतात आणि रोपाचं निम्मं आयुष्य खिडकीत काढून मगच त्याला गावाबाहेरच्या मळ्यात नेतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जिन्यातल्या बायका शरद ऋतूत मळ्यातली माती पोत्यांत भरून वर का आणतात, हे कोडं मला आणि आईला दोघींनाही पडलं होतं.

आई त्या पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीत गेली. ती गेल्यावर मी शाळेत जायची, घरी यायची, कोट न काढता पलंगावर बसून राहायची. मार्चच्या मध्यावर एका रविवारी दार वाजलं. तैसिया उभी होती. हातात लाकडी खोका, खोक्यात दुधाच्या पाकिटांचे कापलेले बारा पुठ्ठे, प्रत्येकात एक बोटभर रोप.

"तुझी मोठी खिडकी दक्षिणेला आहे ना?"

"हो."

"पाचवा मजला. समोर झाड नाही, इमारत नाही. सगळं ऊन फुकट चाललंय."

"मला यातलं काही येत नाही, तैसिया प्रोखोरोव्ना."

"येत नाही तेच बरंय. ज्यांना येतं ते पाणी घालून घालून मारतात. सरक बाजूला."

ती आत आली, खिडकीची फळी पुसली, खालच्या गरम पाण्याच्या रेडिएटरची ऊब मुळांना सोसेल इतकीच लागावी म्हणून पुठ्ठ्यांखाली पाट ठेवला. काचेच्या फटींतून गारवा येतो म्हणून फटींना कागद लावला. रोज सकाळी खोका अर्धा फिरवायचा, नाहीतर रोपं उजेडाकडे वाकडी होतात. पाणी कोमट, चमच्याने, बुंध्यावर न पडू देता. एवढं सांगून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "आणि त्यांच्याशी बोललीस तरी चालेल. मी बोलते. कोणी ऐकायला नसतं, मग लाजायचं कशाला?"

त्या बारा रोपांसाठी मी सकाळी उठू लागले. याहून मोठं काही सांगता येणार नाही मला. रोपाला रोज फिरवायचं असतं, म्हणून माणूस उठतो, पडदे उघडतो, आणि उठलाच आहे तर चहा टाकतो. मे महिन्यात मी बाराच्या बारा रोपं तिच्या हवाली केली तेव्हा आभाराचं काहीतरी बोलायला गेले. ती रोपांची खोडं चिमटीत धरून बघत होती. "दोन नंबरचं थोडं लांबुडकं झालंय," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी तिने मला चाळीस दिली.

तो टोमॅटो तिच्या सासूचा होता. सासू उस्तिन्या. तिने कुठून कोण जाणे मिळवलेलं बी, दरवर्षी सगळ्यात चांगल्या फळाचं काढून, कागदावर वाळवून जपलं. मोठा, गुलाबी, खांद्याशी चुण्या पडलेला टोमॅटो. मरताना तिने ते बी दोन पुड्यांत बांधून एक सुनेला दिलं, एक मुलीला. मुलगी म्हणजे तैसियाची नणंद, ग्लाफिरा.

ग्लाफिरा तळ्यापलीकडे जुन्या लाकडी घरात एकटी राहायची. आमच्याच शाळेत मुलांचे कोट सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ठेंगणी, चटपटीत, जीभ तिखट. तिच्या घराच्या खिडक्या लहान, जमिनीलगत, हिवाळ्यात अर्ध्या बर्फात बुडालेल्या. तिथे रोपं वाढत नाहीत, नुसती पांढरी पडून लांबतात. म्हणून सावेली होता तोवर दोन्ही घरची रोपं तैसियाच्या खिडकीत वाढायची, आणि जूनमध्ये सावेली बहिणीचे खोके हातगाडीवर घालून तळ्याला वळसा घालून तिच्या दारी पोचवायचा. त्यानंतर बायकोचे खोके घेऊन बसने मळ्यात.

अशाच एका दिवशी, मळ्यात खोके उतरवताना तो कोसळला. पुन्हा उठला नाही.

इथे माणूस गेला की नवव्या दिवशी त्याच्या नावाने जेवण असतं. त्या पंगतीत, सगळ्यांसमोर, ग्लाफिरा वहिनीला म्हणाली, "माझ्या भावाला तुझ्या टोमॅटोंनी खाल्लं." तैसियाने हातातली ताटली खाली ठेवली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. बारा वर्षं. दुकानात समोरासमोर आल्या तर एकीने पावाकडे बघायचं, दुसरीने माशांकडे. दोनच वर्षांत ग्लाफिराची रोपं अंधाऱ्या खिडकीत मरून गेली आणि तिच्याकडचं आईचं बी संपलं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती मागणार नाही, हेही माहीत होतं.

२००१ सालच्या मार्चमध्ये, सत्तावीस तारखेला, बॉयलरघरातून घरं तापवायला गरम पाणी घेऊन आमच्या वस्तीकडे येणारा मोठा नळ फुटला. बाहेर उणे एकवीस. अकरा इमारतींमधले रेडिएटर संध्याकाळपर्यंत दगडासारखे गार झाले. लोकांनी विजेच्या शेगड्या लावल्या, तर तासाभरात वीजही गेली. सकाळी माझ्या घरात अकरा अंश होते. शाळेला वेगळं बॉयलर होतं, म्हणून म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्यांची सोय व्यायामशाळेत केली. तिथे माणसांनाच गाद्या पुरत नव्हत्या.

मी तैसियाला न्यायला गेले. दक्षिणेच्या खोलीत ती कोट, टोपी आणि लोकरी बूट घालून स्टुलावर बसली होती. मला फार दिवसांनी त्या खोलीत जायला मिळालं. खिडकीची फळी, तिला जोडून दोन टेबलं, इस्त्रीचा पाट, शिवणयंत्राचं झाकण, सगळीकडे रोपं. एकशेचाळीस टोमॅटो, चाळीस मिरच्या. आठवड्यापूर्वीच तिने ती एकेक सुटी करून वेगळ्या पुठ्ठ्यांत लावली होती. काचेपासून दूर ओढून त्यांच्यावर वर्तमानपत्रांचे तंबू उभारले होते आणि मधेमधे मेणबत्त्या.

"चला शाळेत," मी म्हटलं.

"आणि ही रोपं कुठे जातील?"

"तैसिया प्रोखोरोव्ना, तुम्ही आजारी पडाल."

"टोमॅटोला आठ अंश चालतात एखाद दिवस. मिरच्यांनी आत्ताच मान टाकलीय." तिने एक पुठ्ठा कोटाच्या आत धरला होता, तो मला दाखवला. "बघ. हिला काखेत घेऊन बसलेय. चाळीस काखा कुठून आणू?"

माझ्याकडची रोपंही मी तिच्याच खोलीत आणून ठेवली आणि शाळेत गेले. कोट द्यायला खिडकीपाशी थांबले तर ग्लाफिरा कोटाच्या नंबराचा बिल्ला शोधण्यात गढून गेली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "पाचव्या मजल्यावर किती आहे?"

"नऊ."

"आणि तिसऱ्यावर?"

तिसऱ्यावर कोण राहतं हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. "सकाळी आठ होते. संध्याकाळपर्यंत सहा होतील."

"मिरच्या गेल्या असतील."

"निम्म्या."

तिने माझा कोट खुंटीला लावला, तो सरळ केला, पुन्हा सरळ केला. "तुझा बिल्ला सतरा," म्हणाली आणि मागे वळली.

दुपारी दोन वाजता मी घरी परतले तर आमच्या जिन्यासमोर लाकडं ओढायची लांब घसरगाडी उभी. तिच्यावर दोन मेंढीच्या कातड्याचे कोट, तीन गोधड्या आणि झाकणाची दोन पातेली, टॉवेलांत गुंडाळलेली. ग्लाफिरा एक पातेलं उचलून, दोन्ही हातांत धरून जिना चढू लागली. मी दुसरं उचललं. गरम होतं.

तैसियाने दार उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी दोन पायऱ्या खाली, पातेलं धरून.

"बटाटे आहेत," ग्लाफिरा म्हणाली. "आत्ता चुलीवरून काढलेत. खोक्यांच्या तळाशी ठेव, अजून वीस मिनिटं ऊब धरतील. माझ्या घरात बावीस अंश आहेत."

तैसियाने टॉवेलात गुंडाळलेल्या पातेल्याकडे पाहिलं.

"बारा वर्षं गप्प होतीस, अजून अर्धा तास गप्प राहा. पण खोके आण, वहिनी. बटाटे निवतायत."

तैसिया वळली आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लावणार. ती खोका घेऊन बाहेर आली.

आम्ही तिघींनी मिळून भरलं. खाली गरम बटाटे फडक्यांत, वर फळी, फळीवर रोपांचे पुठ्ठे दाटीने, वर कागद, गोधडी, कातडी कोट. सगळं एका खेपेत मावणार नव्हतं. पहिल्या खेपेला ऐंशी टोमॅटो आणि ज्या मिरच्यांत जीव वाटत होता त्या.

रस्त्याने गेलो असतो तर चाळीस मिनिटं. तळ्यावरून वीस. तळं डिसेंबरपासून दगड झालेलं, त्यावर लोकांनी पायवाट पाडलेली. पण उघड्यावर वारा होता. ग्लाफिरा पुढे दोरी ओढत होती, तैसिया आणि मी मागून ढकलत होतो.  निम्म्यात मासे धरणाऱ्यांनी खोदलेलं एक भोक होतं, त्याच्या काठाला बर्फाचा उंचवटा. घसरगाडीची एक पट्टी त्यावर चढली आणि गाडी कलली. वरचा मिरच्यांचा खोका सरकून बर्फावर पडला. गोधडी उडाली. पंधरा-सोळा रोपं उघड्या वाऱ्यात.

तैसिया गुडघ्यांवर बसली. हातमोजे काढून ती पुठ्ठे गोळा करू लागली, आणि तिच्या तोंडून तो एक्स्चेंजमधला आवाज निघाला, "धर ना, बघतेस काय, ग्लाशा."

बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते, तेही ग्लाफिराच्या घरगुती नावाने.

ग्लाफिराने कोटाची बटणं काढली. एकेक पुठ्ठा घेऊन छातीशी लावत गेली, सहा, सात, आठ, मग कोट वरून ओढून हातांनी घट्ट धरला. "माती आत सांडतेय," म्हणाली.

"सांडू दे."

"थंडगार आहे."

"तुझंच अंग आहे, तापेल." तैसियाने स्वतःची लोकरी शाल सोडून तिच्या कमरेला बांधली, पुठ्ठे खाली सरकू नयेत म्हणून. मग दोरी तिने घेतली. उरलेलं तळं ग्लाफिरा पोटुशीसारखी पोट धरून चालली आणि तैसिया तिच्या पुढे, दर दहा पावलांवर मागे वळून बघत.

दुसरी खेप होईपर्यंत ऊन तिरपं झालं होतं. ग्लाफिराच्या घरातल्या विटांच्या मोठ्या चुलीने भिंतीसुद्धा कोमट झाल्या होत्या. बाकांवर, पलंगावर, जमिनीवर फळ्या टाकून रोपं मांडली. ग्लाफिराने त्या दुपारी लहान खिडक्यांपुढचा सगळा बर्फ फावड्याने उपसला होता, तेव्हा कुठे आत उजेड येत होता. ती शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आधी हेच करत होती, हे मला मागाहून कळलं.

मिरच्या बहुतेक मेल्या. तैसियाने काखेत धरलेली आणि ग्लाफिराने छातीशी धरलेल्यांपैकी पाच, अशा सहा वाचल्या. टोमॅटोंची वरची पानं काळी पडली, पण खोडं ताठ होती.

आम्ही तेच बटाटे खाल्ले, आंबवलेल्या कोबीबरोबर. मी निघायचं म्हणत होते, पण दोघींपैकी कोणीच मला उठू देईना. दोघींना एकमेकींसोबत एकटं राहायचं नव्हतं, असं मला वाटलं. मग ग्लाफिरा चमचा खाली ठेवून, टेबलाच्या लाकडाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी सकाळी तो माझे खोके घेऊन आला होता. पायरीवर बसला. छातीवर हात होता. म्हणाला, जरा दम घेतो. मी म्हटलं, दम काय घेतोस, अजून दोन खोके राहिलेत, उन्हाने कोमेजतील. आणि तो उठला."

चुलीत लाकूड सरकलं. ती पुढे म्हणाली, "तुला मी जे बोलले ना पंगतीत, ते मी मलाच बोलत होते. तोंड तुझ्याकडे होतं एवढंच."

"मला माहीत आहे," तैसिया म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पायरीचं. घरी आल्यावर त्याने सांगितलं मला. ग्लाशाकडे छातीत दुखलं, म्हणाला, तिने उठवलं. तिला बोलू नकोस, मनाला लावून घेईल. हे त्याचं बोलणं."

ग्लाफिराने मान वर केली. "तुला तेव्हापासून माहीत होतं? आणि त्या पंगतीत तू..."

"त्याने नको म्हटलं होतं. आणि मी तरी काय केलं? म्हटलं, डॉक्टरकडे उद्या जाऊ, आजची बस चुकवू नकोस. तू दोन खोक्यांसाठी उठवलंस, मी सहा खोक्यांसाठी बसमध्ये बसवलं."

दोघी बराच वेळ रडल्या, आवाज न करता. मग तैसियाने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "कोबीत बडीशेप फार झालीय."

"आईच्या हातची अशीच असायची."

"आईच्या हातचीही जास्तच व्हायची."

नळ नवव्या दिवशी दुरुस्त झाला. तैसिया परत आली ती विसाव्या दिवशी. विचारलं तर म्हणाली, "रोपांना पुन्हा थंडीतून न्यायचं म्हणजे धोका." एप्रिल अर्धा संपला होता आणि बाहेर गटारं वाहत होती.

जगलेले टोमॅटो एक्क्याण्णव. मे महिन्यात बाल्कनीत ठेवून ते हळूहळू बाहेरच्या हवेला सरावले. जूनच्या बारा तारखेला आम्ही तिघी बसने मळ्यात गेलो, मांडीवर खोके घेऊन. ग्लाफिरा सावेली गेल्यापासून तिथे आली नव्हती. तो कुठे पडला होता हे तैसियाने तिला दाखवलं. कुंपणाच्या दाराजवळ, आंबट फळांच्या झुडपापाशी. ग्लाफिरा तिथे थोडा वेळ उभी राहिली, मग खाली वाकून तिथलं गवत उपटू लागली, कारण ते खरंच वाढलं होतं. ऑगस्टमध्ये तैसियाने सगळ्यात पहिलं पिकलेलं फळ बियांसाठी कापलं. दोन पुड्या बांधल्या. एक नणंदेला दिली. बियांच्या पाण्याने ओली झालेली बोटं तशीच, दोघी तिथेच उभ्याने उरलेलं फळ मीठ लावून खाऊ लागल्या, आणि मलाही एक फोड मिळाली.

त्यानंतर दर हिवाळ्यात ग्लाफिरा आपल्या पुडीतलं बी घेऊन तळ्यावरून तैसियाकडे यायची. पेरण्यावरून दोघींची रोज वादावादी. एक म्हणायची बी जंतू मारणाऱ्या गुलाबी औषधाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवायचं, दुसरी म्हणायची अर्धा तास. जिन्यात आवाज यायचा. वरच्या मजल्यावर मी खिडकीतली रोपं फिरवता फिरवता ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं.

ग्लाफिरा २०१२ साली गेली, आपल्या घरात, झोपेत. तैसिया आता शहाऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे रोपं सुटी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या टेबलाशी बसून, चमच्याच्या दांडीने एकेक रोप उचलते आणि तिच्या तळहातावर ठेवते. ती बोटांच्या चिमटीत खोड धरते, वरपासून खालपर्यंत एकदा फिरवते. यंदा मार्चमध्ये तिने पंचेचाळीस रोपं अशी तपासली. तीन परत दिली, ही नकोत म्हणाली. मग थकून मागे टेकली आणि म्हणाली, "पाणी जास्त घालत नाहीस ना?"

"नाही, तैसिया प्रोखोरोव्ना."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि मी पुढचं रोप तिच्या हातावर ठेवलं.